ट्रिपल वन : तलावाभोवतीच्या एका रेषेची कुळकथा

हैदराबादच्या पश्चिमेला, गंडीपेट, मोइनाबाद, शमशाबादच्या टापूत जमिनीचा व्यवहार करायचा म्हटला की वर्षानुवर्षं पहिला प्रश्न ठरलेला असायचा : जमीन ‘ट्रिपल वन’मध्ये येते का? येत असली तर भाव पडायचा. शेजारच्या गावात एकराला कोटीच्या गोष्टी चाललेल्या असताना या गावातला शेतकरी गिऱ्हाईक शोधत फिरायचा.

ट्रिपल वन म्हणजे आंध्र प्रदेश सरकारच्या नगरविकास खात्याने ८ मार्च १९९६ रोजी काढलेला आदेश क्रमांक १११. आपण ज्याला शासन निर्णय किंवा जीआर म्हणतो, त्याला तिकडे जीओ म्हणतात. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे हैदराबादचे पिण्याच्या पाण्याचे दोन तलाव. ते काठोकाठ भरले की पाणी जिथवर येतं, तिथपासून दहा किलोमीटरच्या आतल्या पाणलोटातल्या ८४ गावांची यादी या आदेशाला जोडलेली होती. या गावांत प्रदूषण करणारा कारखाना नको, मोठं हॉटेल नको, निवासी वसाहत नको. गावठाणाबाहेर नवा ले-आऊट पाडायचा तर साठ टक्के जागा रस्त्यांसाठी आणि मोकळी सोडायची. चटई क्षेत्र निर्देशांक फक्त अर्धा. एकूण क्षेत्राचा नव्वद टक्के भाग शेती, फळबागा, फुलशेती, उद्यानं यांच्यासाठीच राखायचा. एक लाख बत्तीस हजार एकरांच्या आसपास जमीन एका कागदाने बांधली गेली.

या कागदाचं कुळ बरंच जुनं आहे.

पाण्याच्या आसपास अमुक अंतरात अमुक करू नये, हा नियम लिहून ठेवलेला सापडतो तो थेट रोममध्ये. सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस हा इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या खात्याची सगळी माहिती एका ग्रंथात नोंदवली. त्यात इसवी सनापूर्वी ११ साली सिनेटने केलेला एक ठराव येतो. झरे, जलसेतूच्या कमानी आणि भिंती यांच्या दोन्ही अंगांना पंधरा पंधरा फूट जागा मोकळी राहिली पाहिजे. जमिनीखालून जाणाऱ्या आणि शहरातल्या पाटांना पाच फूट पुरे. तिथे घर, थडगं, झाड काही नको. मोडणाऱ्याला दहा हजार सेस्टर्सचा दंड.

मला यातली दंडापेक्षा पुढची नोंद मोलाची वाटते. फ्रॉन्टिनस सांगतो, पूर्वीच्या लोकांनी या कामात खासगी मालकांवर अन्याय होऊ दिला नाही. पाटासाठी शेताचा तुकडा लागला आणि मालक नुसता तुकडा विकायला तयार नसला, तर सगळं शेत विकत घेत, लागेल तेवढ्याची हद्द आखत आणि उरलेलं पुन्हा विकून टाकत. मनाई आणि मोबदला ही भावंडं एकाच घरात जन्मली होती. पुढच्या दोन हजार वर्षांत त्यांची ताटातूट कशी झाली, हीच खरं तर ट्रिपल वनची गोष्ट.

मधला मोठा काळ ओलांडून एकोणिसाव्या शतकात यावं लागतं. कॉलऱ्याने लंडनला शिकवलं की खालच्या अंगाचं पाणी पिऊ नये. १८५२च्या कायद्याने पाणी कंपन्यांना टेडिंग्टनच्या खाली, भरती-ओहोटीच्या थेम्समधून पाणी उचलायला बंदी केली. मॅंचेस्टरने आणखी पुढचा विचार केला. गिरण्यांच्या त्या शहराने आधी लॉंगडेंडेलच्या खोऱ्यात तलाव बांधले आणि मग १८७९ साली संसदेकडून कायदा करून घेऊन लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअरच्या भोवतालचा पाणलोटच विकत घेतला. जमीन आपलीच झाली की दुसऱ्यावर नियम लादायचा प्रश्नच उरत नाही.

मुंबई या शाखेची. १८५४च्या टंचाईने बेटावरच्या विहिरी आणि तलाव अपुरे असल्याचं उघड झालं, हेन्री कॉनीबेअरची योजना उचलली गेली आणि १८५६ ते १८६० या काळात मिठी नदीवर विहार तलाव झाला. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. विहार आणि तुळशीभोवतीचं रान सार्वजनिक मालकीत राहिलं, म्हणूनच दीड कोटीच्या वर लोकवस्तीच्या महानगराच्या पोटात आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उभं आहे. लोक त्याला बिबट्यांचं जंगल म्हणून ओळखतात. पण ते वाचलं त्यात त्या दोन तलावांचा वाटा मोठा आहे.

विकत घेऊन टाकायचा हा मार्ग सोपा दिसतो, पण त्याचीही किंमत कुणीतरी मोजतंच. न्यूयॉर्कने कॅट्सकिल डोंगरांत अशोकान तलाव बांधला, १९१५ मध्ये त्याचं पाणी शहरात आलं. त्यासाठी सुमारे दोन हजार माणसं उठवली आणि कबरीसुद्धा उकरून हलवल्या. त्या खोऱ्यातल्या लोकांच्या मनातली ती अढी शंभर वर्षांनीही पुरती गेलेली नाही.

आणि पाणलोट शेकडो चौरस किलोमीटरचा असला, त्यात गावं असली, तर सगळा विकत घेणं जमतही नाही. तिथे दुसरी शाखा सुरू होते : जमीन तुमचीच, पण तिच्यावर काय करायचं ते आम्ही ठरवू. ट्रिपल वन या शाखेतला.

हैदराबादच्या तलावांचा जन्म मात्र तहानेतून नव्हे, पुरातून झाला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला आलेल्या पुराने शहर धुऊन नेलं. मेलेल्यांचा आकडा साधारण पंधरा हजार धरला जातो. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ती चिंच अजून तिथे आहे आणि दर वर्षी तिच्याखाली लोक जमतात.

निजामाने या पुराचा उपाय शोधायला बोलावलं ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. हा माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, नाशिक-खानदेशात आणि पुण्यात मुंबई इलाख्याची नोकरी केलेला. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. हैदराबादला आल्यावर त्यांनी शहराच्या नकाशाआधी शहराच्या वरचा मुलूख पाहिला. मुशी उगम पावते विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात. तिथपासून शहरापर्यंतच्या खोऱ्यात गावोगावचे शेकडो जुने तलाव होते, आणि त्या पावसात त्यांतले दोनशेहून अधिक फुटले होते. एक फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याखालच्यावर. शहरात शिरलेला लोंढा हा असा गोळा होत आला होता. म्हणून शहर वाचवायचं तर काम शहराच्या वर करायला हवं, हा त्यांचा निष्कर्ष. मुशीवर उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, तिची उपनदी ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये. पूर अडवायला बांधलेले हे तलाव पुढे शहराचे नळ झाले. उस्मानसागरचं पाणी तर पंपाशिवाय, नुसत्या उताराने आसिफनगरच्या गाळण केंद्रापर्यंत येतं.

साठ-सत्तर वर्षं या तलावांना नियमाची गरज पडली नाही, कारण वरच्या अंगाला ज्वारी, कडधान्यं आणि गुरांशिवाय फारसं काही नव्हतं. शहर पसरायला लागलं तशी गरज निर्माण झाली. १९८९ मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. ३१ मार्च १९९४ रोजी पहिला आदेश निघाला, क्रमांक १९२. दोन वर्षांनी त्याच्याच पोटी १११ आला.

दहाच किलोमीटर का, हा प्रश्न रास्त आहे. दोन्ही तलावांचा मिळून पाणलोट दोन हजार चौरस किलोमीटरच्या वर जातो, तो अनंतगिरीपर्यंत पोचतो. नियमाने त्यातला तलावाजवळचा तुकडाच धरला. त्यातही हद्द ठरली गावांच्या यादीने, आणि गावाची शीव व पाण्याची शीव एक नसते. गावाच्या एका अंगाचा ओढा तलावाकडे वाहतो, तर टेकडीपलीकडच्या अंगाचा दुसऱ्याच नदीला मिळतो. यादीत मात्र अख्खं गाव. पुढे या आदेशाविरुद्ध बोलणाऱ्यांना हा मुद्दा आयता मिळाला. जर्मनीत विहिरी आणि झऱ्यांभोवती संरक्षणाचे पट्टे आखतात तेव्हा आतल्या पट्ट्याची हद्द मैलांत नसते, दिवसांत असते : जमिनीत मुरलेलं पाणी विहिरीपर्यंत यायला जिथून पन्नास दिवस लागतात ती रेषा. तेवढ्या काळात रोगजंतू बहुतेक मरतात, असा त्यामागचा हिशेब. अशी रेषा कोर्टात टिकते, कारण तिला विचारलं ‘इथेच का’ तर तिच्याकडे उत्तर असतं.

तरी जाडीभरडी असूनही ट्रिपल वनची रेषा कोर्टात टिकली, आणि ज्या खटल्यात टिकली त्याने देशाचा पर्यावरण कायदा घडवला. एका कंपनीने सप्टेंबर १९९३ मध्ये शमशाबाद तालुक्यातल्या पेद्दाशापूर गावात बारा एकर जमीन घेतली. तिथे एरंडेल तेलापासून वेगवेगळी रसायनं करायची होती. नाव एरंडेलाचं, त्यामुळे ऐकायला निरुपद्रवी. पण या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करायला निकेल वापरतात, आणि वापरून संपलेलं निकेल, तेलकट माती, कोळसा हे सगळं मागे उरतं. ते पावसाबरोबर जमिनीत आणि तिथून तलावात गेलं तर काय, ही प्रदूषण नियंत्रण मंडळाची भीती होती. मंडळाने परवानगी नाकारली. सरकारने मात्र ३ जुलै १९९७ रोजी या एका कंपनीला दहा किलोमीटरच्या नियमातून सूट देणारा वेगळा आदेश काढला. अपील प्राधिकरण आणि उच्च न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२७ जानेवारी १९९९ चा तो निकाल आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायडू या नावाने कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. न्या. जगन्नाथ राव यांनी त्यात सावधगिरीचं तत्त्व उलगडून सांगितलं : पाण्याला धोका आहे हे मंडळाने सिद्ध करायचं नाही, धोका नाही हे कारखाना काढू पाहणाऱ्याने सिद्ध करायचं. १ डिसेंबर २०००च्या दुसऱ्या निकालात कंपनीला दिलेली सूटच रद्द ठरली. दोन तलावांवर लाखो लोक पाण्यासाठी अवलंबून असताना सरकारला एकट्यादुकट्यासाठी मनाई उठवता येणार नाही, पिण्याचं पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने बजावलं.

पहिल्या निकालात आणखी एक गोष्ट होती. निकेल किती मुरतं, कुठवर जातं असले प्रश्न न्यायाधीशांनी एकट्याने कसे सोडवायचे? कायदा आणि विज्ञान दोन्ही जाणणारे लोक एकत्र बसतील अशी पर्यावरण न्यायालयं हवीत, असं त्यात सुचवलं होतं. पुढे हेच जगन्नाथ राव विधी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००३च्या १८६व्या अहवालात त्यांनी हीच शिफारस केली. २०१०च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झालं. आज महाराष्ट्रातल्या नदीपात्रातल्या भरावाविरुद्ध किंवा कचरा डेपोविरुद्ध कुणी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज करतो, तेव्हा त्याच्या हातातलं ते साधन गंडीपेटच्या पाण्यातून आलेलं असतं.

इतकं असून रेषा मोडली. का, ते समजून घ्यायला पुन्हा न्यूयॉर्कला जावं लागतं, कारण त्याच दशकात तिथे हाच पेच पडला होता.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने नियम केला की तलाव-नद्यांचं पिण्याचं पाणी गाळूनच द्यायचं. पाणलोट सुरक्षित असल्याचं दाखवून दिलं तरच सूट. न्यूयॉर्कचं कॅट्सकिलचं पाणी गाळलं जात नव्हतं. गाळण केंद्राचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलरपर्यंत गेला. १९९०च्या सप्टेंबरात शहराने पाणलोटासाठी कडक नियमांचा मसुदा काढला, आणि डोंगरातली गावं उसळली. पणजोबांच्या कबरी उकरणारं शहर आता गोठा कुठे बांधायचा तेही सांगणार! गावांनी आघाडी उभारली आणि कोर्टाची वाट धरली.

तोडगा निघायला सहा वर्षं लागली. जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्र, गावं आणि पर्यावरण संस्था यांच्यात करार झाला. नियम राहिले : तलावापासून तीनशे फुटांच्या आत आणि ओढ्यापासून शंभर फुटांच्या आत नवी फरसबंदी किंवा डांबरीकरण नाही. पण त्या नियमांच्या जोडीने शहराने तिजोरी उघडली. घराघरांतल्या सेप्टिक टाक्या बदलायला पैसे, गावांची सांडपाणी केंद्रं सुधारायला पैसे, शेतकऱ्याला शेणखताचा खड्डा पक्का करायला आणि गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालायला पैसे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या ढिगाऱ्यांवर छप्पर घालायलासुद्धा. जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच, आणि घेतल्यावर तिचा कर गावाला भरत राहायचा. खर्चाचा अंदाज दीड अब्ज डॉलरच्या आसपास होता. न्यूयॉर्क आजही आपलं बहुतांश पाणी न गाळता पितं. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने १९८८ पासून पाणी उचलणाऱ्यांवर छोटी पट्टी बसवली आणि संरक्षित पट्ट्यात खत कमी वापरावं लागणाऱ्या शेतकऱ्यांना भरपाई सुरू केली.

ट्रिपल वनमध्ये मनाई होती, मोबदला नव्हता. ८४ गावांनी शहरासाठी जमीन राखायची आणि शहराने त्यांना काही द्यायचं नाही. १९९८ मध्ये हायटेक सिटी उभी राहिली, २००८ मध्ये शमशाबादला विमानतळ सुरू झाला, बाह्यवळण मार्ग आला. दारासमोरून कोट्यवधींची उलाढाल जात होती आणि यांच्या जमिनीला किंमत नव्हती. त्यातच शहरातल्या पैसेवाल्यांची फार्महाऊस, फंक्शन हॉल, कॉलेजं त्याच हद्दीत उभी राहिली. पोटच्या पोराला घर बांधायला परवानगी नाही आणि शहरातल्या साहेबाच्या पोहण्याच्या तलावाला अडथळा नाही, हे पाहिल्यावर कोणता शेतकरी त्या नियमाच्या बाजूने उभा राहील? प्रत्येक निवडणुकीत ट्रिपल वन उठवण्याचं आश्वासन दिलं जाऊ लागलं.

१२ एप्रिल २०२२ रोजी, आंध्रातून वेगळ्या झालेल्या तेलंगणाच्या सरकारने जीओ ६९ काढून हे निर्बंध उठवले. कारण दिलं होतं की १९९६ मध्ये शहराच्या पाण्यात या तलावांचा वाटा २७ टक्क्यांच्या वर होता, तो आता सव्वा टक्काही नाही. पाणी कृष्णा-गोदावरीतून येतं. मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १११ पूर्णपणे रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.

हे कारण मला पटत नाही. कृष्णेचं आणि गोदावरीचं पाणी शंभर-शंभर किलोमीटरांवरून उपसून आणावं लागतं, दर थेंबाला वीज लागते. हैदराबाद ज्या मांजरा नदीचं पाणीही पितं तिचा उगम आपल्या बीड जिल्ह्यातला. तिच्यावरच अवलंबून असलेल्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा त्या नदीवर किती भरवसा ठेवावा हे साऱ्या देशाने पाहिलं. अशा वेळी उताराने घरी येणारं पाणी सोडून देणं हा शहाणपणा नाही. शिवाय हे तलाव मुळात पुरासाठी बांधलेले. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद बुडालं तेव्हा हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागलेच. ज्या जमिनीवर पाऊस मुरत होता तिच्यावर काँक्रीट आलं की तोच पाऊस तासाभरात तलावात येणार, आणि तिथून शहरात.

आपल्याला तेलंगणाकडे बोट दाखवायची सोय नाही. महाराष्ट्राने २००० साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं, २००९ मध्ये सुधारलं. नदीच्या पाण्याचा वापर पाहून तिचे वर्ग पाडले होते. पिण्याच्या पाण्याच्या पट्ट्यात, धरणांच्या वरच्या अंगाला, कोणता उद्योग किती किलोमीटरांच्या आत येणार नाही ते ठरवलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते सरळ रद्द केलं गेलं. हैदराबादेत तीस वर्षं वाद तरी झाला. आपल्याकडे कुणाला फारसं कळलंही नाही. विश्वेश्वरय्यांचे दरवाजे जिथे होते त्या खडकवासल्याच्या वरच्या अंगाला रिसॉर्ट आणि फार्महाऊस वाढत आहेत, आणि पुणे तेच पाणी पितं.

म्हणून एक विनंती. तुमच्या शहराचा किंवा प्रदेशाचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर होईल तेव्हा आपल्या इमारतीच्या गल्लीतला रस्ता नऊ मीटरचा की बारा मीटरचा एवढंच पाहून नकाशा मिटू नका. तुमच्या नळाचं पाणी ज्या धरणातून येतं त्याच्या वरच्या गावांवर कोणता रंग दिला आहे ते शोधा. तिथे निवासी पट्टा दिसला तर हरकत नोंदवा. आणि त्याच अर्जात दुसरी मागणी लिहा : या गावांनी जमीन मोकळी ठेवायची असेल तर त्यांना दर वर्षी मोबदला मिळावा, आणि तो आमच्या पाणीपट्टीतून घ्यावा.